जिवंत भार: ६२ किलो

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ७.१०

नवी डायरी. सळईच्या डीलरनं डिपार्टमेंटला चार पाठवल्या होत्या, त्यातली सगळ्यात जाड मी घेतली. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘आजचा भाव’ असा रकाना आहे. मला सळई विकायची नाही. तिथे मी रोज माझं वजन लिहिणार.

संकल्प. पीएचडी यंदा संपवायची. विषय: मोसंबीच्या सालींची राख घातलेलं काँक्रीट. नऊ वर्षं झाली. जालन्यात मोसंबी भरपूर, काँक्रीटही भरपूर, पण या दोघांची गाठ घालून देणारा अख्ख्या जिल्ह्यात मी एकटा.

दुसरा संकल्प, शिकवण्याची पद्धत बदलणे. आमचे विभागप्रमुख राधेश्याम सर वीस वर्षांपूर्वीच्या वहीतून नोट्स डिक्टेट करतात. वहीचा रंग आता चहासारखा झालाय. मी मुलांना हातानं शिकवणार. हँड्स-ऑन.

वजन हा तसा संकल्प नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. लग्नाच्या बायोडेटात ६२ होतं. हाडापेरानं मी तोच आहे. घरचा काटा बिघडलाय, काहीही दाखवतो. पलंगाखाली ढकलून दिला.

आजचा भाव: काटा दुरुस्त झाल्यावर.

७ जानेवारी, मंगळवार

डायरी रोज लिहायची होती, पण कामात होतो. ‘हँड्स-ऑन टीचिंग’ यावर ९६ स्लाइड्सचा पीपीटी केला. आज थर्ड इयरला दाखवला, दोन तास. मुलं भारावून गेली. मागच्या बाकावरचे चार जण तर डोळे मिटून ऐकत होती.

शेवटी केदारखेड्याची आकांक्षा उठली. वर्गात पहिली येते, बोलते कमी. तिनं विचारलं, सर, मंग हात कधी लावायचा? मी सांगितलं, आधी संकल्पना. ती बराबर म्हणाली आणि बसली. तिच्या शेजारच्या निखिलनं वहीत काहीतरी लिहिलं. नोट्सच घेतल्या असणार.

९ जानेवारी, गुरुवार

भयंकर दिवस.

लॅबमधला राखेचा डबा उघडला. रिकामा. नऊ वर्षांची राख! ज्यूसवाल्यांच्या दारात उभं राहून साली गोळा केल्या, गच्चीवर वाळवल्या, जाळल्या, शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. सव्वाचार किलो होती.

लॅब झाडायला येणाऱ्या कौसल्याबाईला विचारलं. ती म्हणाली, ती राख का सर? म्या म्हन्लं कुनी तरी भांड्याला आनून ठिवली. बहोत चांगली व्हती. कप कसे लख्ख निघत व्हते.

आता आठवलं. दिवाळीपासून डिपार्टमेंटचे चहाचे कप फार चकचकीत दिसायचे. मी राधेश्याम सरांजवळ कपांचं कौतुकही केलं होतं.

रागावलो नाही. मोठ्या संशोधकांच्या आयुष्यात असं घडतं. मात्र चहा घेतला नाही. (दुपारी घेतला.)

११ जानेवारी, शनिवार

विद्यापीठातून गाइडचा फोन. ३१ मार्चपर्यंत एक पेपर कुठल्या तरी परिषदेला गेलाच पाहिजे, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. मी मुदतवाढ म्हणालो. ते म्हणाले, ही चौथी मुदतवाढ चालू आहे, पाचवी नसते. मी राखेचं सांगितलं. ते म्हणाले, काँक्रीटवर काहीही पाठवा, पण पाठवा.

नऊ वर्षं. सासरची माणसं मला आधीपासूनच डॉक्टर म्हणतात. रद्द झालं तर त्यांना काय सांगायचं? रात्री जेवण गेलं नाही. दोनच पोळ्या आणि नंतर थोडा भात.

१३ जानेवारी, सोमवार

उपाय सापडला! काँक्रीटची होडी.

मोठमोठ्या विद्यापीठांत मुलं काँक्रीटच्या होड्या करतात, स्पर्धा लावतात. आपणही करू. मुलं स्वतःच्या हातानं होडी घडवतील, पाण्यात सोडतील, मी त्यावर पेपर लिहीन. शहागडला गोदावरी आहेच. हायवेवरच्या पुलावरून ट्रकवाले थांबून बघतील. होडीत पहिला मी बसणार. हे मी वर्गात जाहीर करून टाकलं. टाळ्या.

घरी उमाला सांगितलं. ती बँकेत असल्यामुळे प्रत्येक गोष्टीत जोखीम शोधते. तिनं विचारलं, तुम्हाला पोहता येतं का? मी म्हणालो, तत्त्वतः येतं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगूळ. सण आहे. आज हिशेब करायचा नसतो.

२० जानेवारी, सोमवार

डिझाइनची मीटिंग. आकांक्षानं दोन पानी गणित आणलं. होडीचं स्वतःचं वजन १४० किलो. मग माझ्याकडे बघून म्हणाली, सर, जिवंत भार किती धरू? आमच्या शास्त्रात माणसांच्या वजनाला जिवंत भार म्हणतात. मी म्हणालो, धर ६२.

तिनं पेन उचललं, माझ्याकडे बघितलं, पेन खाली ठेवलं. म्हणाली, सर, लॅबमधल्या खडीच्या काट्यावर एकदा उभं राहता का? एका मिनिटाचं काम आहे. मी म्हणालो, तो काटा खडीचा आहे, त्याला माणसांची सवय नाही.

मग ती म्हणाली की ६२ ला दीडपट सुरक्षा गुणक लावून ९३ धरू, होडीच्या कडा दोन इंच वर जातील. इथे मला शिक्षक म्हणून हस्तक्षेप करावा लागला. सुरक्षा गुणक कशासाठी असतो? भार नक्की माहीत नसतो म्हणून. इथे भार कोण? मी. मला मी माहीत आहे. गुणक काढून टाकला. शिवाय दोन इंच वाढवले तर फोटोत मी छातीपर्यंतच दिसेन. मी स्पष्ट सांगितलं, आपण होडी करतोय, गुरांचा हौद नाही.

नवीन गणित: होडी आणि माणूस मिळून २२५ किलोपर्यंत तरंगणार. म्हणजे माणसाला ८५. माझे ६२. तेवीस किलो जास्तीचे! आकांक्षानं वही मिटली. मुलांना असं पटवून द्यावं लागतं.

आजचा भाव: ६२ (डिझाइनप्रमाणे).

२५ जानेवारी, शनिवार

ओतकाम. लॅबमागच्या मोकळ्या जागेत मातीचा होडीच्या आकाराचा उंचवटा केला, त्यावर प्लास्टिक, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, त्यावर सिमेंटचा मसाला. आकार निखिलनं काढला. मी ‘मसाल्याचं विज्ञान’ यावर पंचेचाळीस मिनिटं बोललो. तोपर्यंत पहिली पाटी घट्ट झाली. फेकावी लागली.

मग स्वतः थापी घेतली. मुलांना दिसलं पाहिजे की सर हात घाण करायला मागेपुढे बघत नाहीत. चार मिनिटांत हाताची आग व्हायला लागली. सिमेंटची ॲलर्जी दिसते. बावीस वर्षांत हात लावायचा प्रसंगच आला नव्हता, त्यामुळे कळलं नाही. उरलेलं काम देखरेखीखाली पार पाडलं.

कौसल्याबाई झाडू घेऊन उभी होती. तिनं पंधरा वर्षं स्लॅबवर पाट्या वाहिल्यात म्हणे. म्हणाली, सर, पानी मारायला कोन हाय? मी सांगितलं, क्युअरिंगची जबाबदारी माझी. वैयक्तिक.

२७ जानेवारी, सोमवार

क्युअरिंगसाठी गूगल फॉर्म तयार केला. पाणी मारण्याची वेळ, प्रमाण, तापमान, अभिप्राय. लिंक सगळ्यांना पाठवली. एकवीस जणांनी भरला. प्रतिसाद उत्तम.

२९ जानेवारी, बुधवार

होडीला तडा गेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

चौकशी केली. फॉर्म सगळ्यांनी भरलाय, पाणी कोणीच मारलं नाही. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं मारलं. कौसल्याबाई तड्यात झाडूची काडी घालून बघत होती. म्हणाली, कच्च्या कामाला दोनदा पानी लागतं सर, लेकरावानी. तुमी त्याला कागद पाजला.

फॉर्ममध्ये फोटोचा कॉलम टाकायला हवा होता. पुढच्या वेळी.

२ फेब्रुवारी, रविवार

दुसरी होडी ओतली. मी हजर नव्हतो, कारण ‘हाताने शिकण्याचे महत्त्व’ या ऑनलाइन कार्यशाळेत होतो, सहा तास. सर्टिफिकेट आलं. माझ्या गैरहजेरीत मुलांनी आणि कौसल्याबाईनं काम तीन तासांत उरकलं. म्हणजे माझा पाया पक्का होता.

५ फेब्रुवारी, बुधवार

होडीवर ओली गोणपाटं. कौसल्याबाई सकाळी आल्यावर एकदा आणि जाताना एकदा पाणी मारते. मुलांनी पाळ्या लावल्यात. फॉर्म कोणी भरत नाही. सूचनाफलकावर नाराजी व्यक्त केली.

आकांक्षानं पुन्हा विचारलं, सर, काट्याचं बघता का? मी म्हणालो, चालणं सुरू केलंय, मार्चपर्यंत स्थिर होऊ दे. चालणं उद्यापासून.

१२ फेब्रुवारी, बुधवार

राधेश्याम सर होडी बघायला आले. वाकून, हात फिरवून, चष्मा काढून बघितली. म्हणाले, बहोत खूब, गिरिधर, आमच्या नोकरीत असं काही झालं न्हाई. मग वीस वर्षांची वही उघडून म्हणाले, प्लवनाचं प्रकरण आहे, वस्तू कशी तरंगते त्याचं, लागलं तर घेऊन जा. गरीब माणूस. काळ पुढे गेला, त्यांना कळलं नाही.

वही घेतली नाही. आकांक्षानं घेतली.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

उपवास. सकाळी साबुदाणा खिचडी, दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, चार वाजता बटाट्याचे वेफर्स, मग रताळ्याचे काप. दिवसभर अन्नाचा कण नाही. निदान एक किलो तरी कमी झालं असणार.

आजचा भाव: ६१ (अंदाजे).

३ मार्च, सोमवार

काँक्रीट पक्कं व्हायला लागतात ते अठ्ठावीस दिवस पुरे झाले. उचलून बघितली. कुठे केसाएवढाही तडा नाही. मुलांनी शिट्ट्या मारल्या. कौसल्याबाईनं होडीला हळदकुंकू लावलं आणि तिला घाम आला होता म्हणून डोळे पुसले. मलाही जरा भरून आलं. पेपरचं शीर्षक सुचलं, त्यात माझं नाव दोनदा येतं.

५ मार्च, बुधवार

शहागड रद्द. नदीत होडी सोडायची तर परवानगी लागते म्हणे, आणि परवानगीसाठी होडीची नोंदणी, आणि नोंदणीच्या अर्जात साहित्य या रकान्यात लाकूड, फायबर, इतर. मी इतर भरलं. कचेरीत समोर बसलेल्या साहेबांनी विचारलं, इतर म्हणजे? मी म्हणालो, काँक्रीट. त्यांनी मला पाणी दिलं आणि बसायला सांगितलं.

आकांक्षा म्हणाली, आमच्या शेततळ्यात सोडू. मोसंबीच्या बागेसाठी केलंय, प्लास्टिकचं अस्तर आहे, विहिरीच्या पाण्यानं भरून ठेवलंय. गोदावरीवरून थेट केदारखेड्याच्या शेततळ्यावर. ठीक आहे. विज्ञानाला पाणी पाणीच असतं.

९ मार्च, रविवार. केदारखेडा. सकाळी ९.४०

पोचलो. ब्लेझर घातलाय. उमा पण आली, बघायला. होडी पिकअपमधून, गवताच्या गादीवर. निम्मं गाव जमलंय. आकांक्षाचे वडील भुजंगराव मोसंबीचं काम सोडून आलेत. शेतातच मालाचा काटा आहे, व्यापारी बांधावर येऊन माल उचलतो. जेवणाचं आवतन दिलंय. वास छान येतोय.

१०.१५

चाचणी एक: मोसंबीचं एक कॅरेट, २५ किलो. तरंगली.

१०.३०

चाचणी दोन: आकांक्षा, ४८ किलो. काट्यावर उभी राहून मग बसली. तरंगली. तळ्याच्या मध्यापर्यंत जाऊन आली. तिची आई नंदाबाई काठावर पदर तोंडात धरून उभी होती. लेक परत आली तेव्हा तिनं आधी तिची, मग होडीची नजर काढली.

१०.५०

चाचणी तीन: निखिल, ६१ किलो. तरंगली. उभा राहून नाचला. तरीही तरंगली!

आता मी. निखिल ६१, मी ६२. फरक एका किलोचा. आकांक्षा काट्याकडे बोट दाखवून म्हणाली, सर, बाकी सगळे मोजून बसले. मी म्हणालो, मोजलेलं पुन्हा कशाला मोजायचं? भुजंगरावांनी विचारलं, सर, पोहता येतं का तुमाला? मी तत्त्वतः म्हणालो. ते ट्रॅक्टरकडे गेले आणि कासरा घेऊन आले. कमरेला बांधा म्हणाले, पानी दीड मानूस हाय. कासऱ्याचं दुसरं टोक ट्रॅक्टरला. फोटोत क्रॉप करता येईल.

१२.३० (नंदाबाईंच्या ओसरीवर. धोतर भुजंगरावांचं.)

घडलं ते जसंच्या तसं लिहितो. संशोधकानं भावना बाजूला ठेवायच्या असतात.

होडीत बसलो. पाणी कडेपर्यंत आलं. कडेला लागलं. आकांक्षा काठावरून म्हणाली, सर, हलू नका, हळू बाहेर या. मी तिला धीर द्यायला हात वर करून हलवला.

इतकंच आठवतं. होडी खाली गेली. वाकडी न होता, सरळ, लिफ्टसारखी. भुजंगरावांनी ट्रॅक्टर सुरू केला. प्लास्टिकच्या उतारावरून मी पोटावर वर आलो. गावानं टाळ्या वाजवल्या. कशाला ते कळलं नाही. उमा रडत होती, मग हसत होती, मग दोन्ही.

पुढचं लिहावं की नाही? लिहितो. बूट काढायला जे पहिलं सपाट दिसलं त्यावर बसलो. तो मोसंबीचा काटा होता. भुजंगरावांना आकडा मोठ्यानं ओरडायची सवय आहे, दिवसभर कॅरेटं मोजतात. ओरडले, एक्क्याण्णव आठशे! व्यापाऱ्याच्या हिशेब लिहिणाऱ्या माणसानं चोपडीत लिहून घेतलं.

मग त्यांच्याच लक्षात आलं. म्हणाले, थांबा, माल ओला हाय, घट धरावी लागन. ओल्या मालाला घट पकडायची इथली रीत आहे. दोन किलो आठशे घट धरली. एकोणनव्वद.

पुरणपोळ्या छान होत्या. चारच घेतल्या.

१० मार्च, सोमवार

रात्रभर विचार केला. स्पष्टीकरण सापडलं.

काटा मोसंबीचा. मोसंबी गोल असते, माणूस गोल नसतो (मी तर नाहीच). त्यामुळे आकडा चुकीचा. माझं वजन ६२. निखिल ६१ ला तरंगला, मी ६२ ला बुडालो. म्हणजे ६१ आणि ६२ च्या मध्ये काँक्रीटची होडी अचानक बुडते. हे आजवर कोणीच पाहिलेलं नाही! या घटनेला ‘गिरिधर मर्यादा’ म्हणावं असं वाटतं. पेपर आता फारच मोठा होणार.

राधेश्याम सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, गिरिधर, पानी एक किलोनं बिगडत न्हाई.

होडी तळ्याच्या तळाशीच आहे.

१३ मार्च, गुरुवार. होळी

आकांक्षा पेपरचा मसुदा घेऊन आली. सगळा तिनंच लिहिलाय. चांगला आहे, माझ्यासारखा. शेवटी चाचण्यांचं टेबल. चार ओळी. कॅरेट २५, तरंगली. आकांक्षा ४८, तरंगली. निखिल ६१, तरंगली. चौथी ओळ: मार्गदर्शक प्राध्यापक. वजन: रिकामं. बुडाली.

तिनं पेन्सिल टेबलावर ठेवली. म्हणाली, सर, तेवढं तुमी भरा. आणि गेली. एकोणनव्वद हा आकडा सगळ्या गावाला माहीत आहे, व्यापाऱ्याच्या चोपडीत आहे, निखिलच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ आहे. तरी तिनं लिहिला नाही.

१७ मार्च, सोमवार

भरलेलं नाही. कामात आहे.

२० मार्च, गुरुवार

आज मसुदा नीट वाचला. सहाव्या पानावर एक वाक्य आहे: या होडीत ८५ किलोपेक्षा जास्त वजनाचा माणूस बसल्यास ती बुडेल. म्हणजे मी ६२ लिहिलं तर तिचं गणित चुकलं. तेवीस किलोंनी चुकलं. मी ८९ लिहिलं तर तिचं गणित अगदी बरोबर.

पुण्याच्या एका डिझाइन ऑफिसनं तिला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला बोलावलंय. हाच रिपोर्ट मागितलाय. केदारखेड्यातून पुण्याला डिझाइन करायला जाणारी ती पहिलीच. भुजंगरावांनी त्या दिवशी मला ओढून काढल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला होता. सर, पोरीचं काई चुकलं न्हाई ना? तेव्हा मी कानातलं पाणी काढत होतो. म्हणालो, बघू.

बघू काय म्हणालो मी?

२२ मार्च, शनिवार

मधला मार्ग: ७५? म्हणजे दोघांचाही मान राहतो. नाही, ७५ लाही होडी तरंगायला हवी. ८६? ८६ ला ती बुडते आणि आकडा बरा दिसतो.

पलंगाखालून काटा काढला. त्याच्यावर कोळ्याची जाळी धरली होती. उभा राहिलो. ८९. उतरलो, पुन्हा उभा राहिलो. एका पायावर. ८९.

काटा बिघडलेला नव्हता.

२८ मार्च, शुक्रवार

गाइडचा फोन. सोमवार शेवटचा. मी म्हणालो, टेबलमधला एक आकडा राहिलाय. ते म्हणाले, एका आकड्याला पंधरा दिवस? कुठला इतका अवघड प्रयोग आहे? मी म्हणालो, फार अवघड आहे, सर.

उमानं सगळं ऐकलं. संध्याकाळी बायोडेटाची जुनी फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. तिच्या बायोडेटात तिची उंची दोन इंच जास्त लिहिली आहे. मला सोळा वर्षांत माहीत नव्हतं. म्हणाली, मी सँडल घालून मोजली होती. पण माझ्या उंचीवर कुणाचं पोर पुण्याला जायचं नव्हतं.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

गुढी उभारली. कडुनिंबाचा पाला खाल्ला. श्रीखंड सकाळी खाल्लं नाही.

दुपारी टेबल घेऊन बसलो. बावीस वर्षं मुलांना सांगतोय की इमारत पडते ती भूकंपानं कमी आणि खोट्या भारानं जास्त. कागदावर कमी लिहिलेला भार प्रत्यक्षात येऊन उभा राहतोच. ते मी वहीत बघून नाही, मनापासून सांगायचो.

पेन्सिल बाजूला ठेवली. पेनानं लिहिलं: ८९. शेजारी कंसात लिहिलं: ओल्या मालाची घट वजा जाता.

खाली टीप: जिवंत भार डिझाइनच्या वेळी मार्गदर्शकांनी ६२ सांगितला होता. सुरक्षा गुणक मार्गदर्शकांनी काढला. चूक विद्यार्थिनीची नाही.

आकांक्षाला पाठवलं. तिचं उत्तर आलं, ओके सर, पाठवते. पाच मिनिटांनी अजून एक. सर, थँक यू.

मग श्रीखंड खाल्लं.

१२ एप्रिल, शनिवार

केदारखेड्याला गेलो. नंदाबाईंनी बोलावलं होतं, लेकीला निरोपाचं जेवण. होडी तळ्यातून काढलीय, त्याच ट्रॅक्टरनं. बांधावर, लिंबाच्या सावलीत ठेवलीय, पाण्यानं भरून. दोन म्हशी आणि एक कालवड पाणी पीत होत्या. भुजंगराव म्हणाले, थेंब गळत न्हाई सर, बहोत पक्का हौद केला तुमी. उंची पन बराबर हाय, वासराचं तोंड पोचतं.

म्हणजे कडा दोन इंच कमी ठेवल्याचा उपयोग झाला. हे कोणी लक्षात घेतलं नाही.

कौसल्याबाई पण आली होती. हौदाच्या कडेवर हात फिरवला आणि मला विचारलं, सर, पुढच्या साली काय करायचं? मी काही बोलायच्या आत म्हणाली, करा कायबी, पानी म्या मारीन.

१८ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ८.०५

पेपर स्वीकारला! रजिस्ट्रेशन वाचलं. गाइडनी मेल केलाय: अभिनंदन, आता प्रबंध लिहा. खाली एक ओळ: आणि जमल्यास चाला.

परीक्षकांचा अभिप्राय आलाय. त्यांना मसाला, जाळी, गोणपाटं, यातलं काही विशेष वाटलं नाही. म्हणतात, पेपरचं खरं मूल्य चौथ्या चाचणीत आहे. गणितानं सांगितलेली मर्यादा ८५, आणि होडी ८९ ला बुडाली. म्हणजे डिझाइन अचूक. अशी चाचणी देणारी व्यक्ती सहसा मिळत नाही.

मी त्या पेपरमध्ये दोन ठिकाणी आहे. एकदा लेखक म्हणून, एकदा भार म्हणून. लेखकांत माझा नंबर तिसरा. भारांत पहिला.

उमानं टेबलचं पान प्रिंट करून फ्रीजच्या दारावर लावलंय, हँडलच्या अगदी शेजारी. चौथी ओळ हायलाइट केली आहे.

आजचा भाव: ८९.